फ्रान्समधील छोट्या गावांची वसंतातली दुसरी भेट : नियोजन कसे करावे

फ्रान्सच्या पहिल्या सहलीत छोट्या गावांच्या वाट्याला बहुधा दोन-तीन तासच येतात. गाडी थांबते, चर्च पाहून होते, छायाचित्रे काढली जातात आणि दुपारची जेवणे आटोपून गाव जेमतेम जागे होत असताना आपण पुढच्या गावाकडे निघालेले असतो. त्याच गावांकडे पुन्हा जाण्याची इच्छा ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे आणि त्यामागचे सूत्र एकच आहे : दुसऱ्या भेटीत गावांची यादी बाजूला ठेवावी आणि गावाचा आठवडा हाती घ्यावा. बाजार कोणत्या वारी भरतो, कोणत्या वारी दुकाने बंद असतात, बस शाळेच्या दिवसांत किती वाजता सुटते आणि सुट्टीत ती सुटते की नाही, या गोष्टींवर छोट्या गावातला आपला दिवस उभा राहतो किंवा कोसळतो. उदाहरणासाठी मी मुख्यतः बुरगुंडी प्रांताच्या उत्तरेकडील गावे घेतली आहेत, कारण ती पॅरिसहून रेल्वेने गाठता येतात, एकमेकांजवळ आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांचे रूप वर्षातले सर्वांत देखणे असते असे माझे ठाम मत आहे.

कोणती गावे पुन्हा पाहावीत

नियोजनाची सुरुवात नकाशापासून न करता मागच्या सहलीच्या छायाचित्रांपासून करावी. प्रत्येक छायाचित्रावर वेळ नोंदलेली असते. ती पाहिली की कोणते गाव भर दुपारी पाहिले, कोणत्या चर्चमध्ये वीस मिनिटेही थांबलो नव्हतो आणि कोणते संग्रहालय बंद दरवाज्यापुरतेच पाहिले, हे लगेच कळते. जे गाव दुपारी पाहिले ते या वेळी पहाटे व संध्याकाळी पाहायचे, म्हणजे तेथे मुक्काम करायचा. व्हेझले हे याचे उत्तम उदाहरण आहे. टेकडीच्या माथ्यावरची तेथील मारी-मादलेन बॅसिलिका १९७९ पासून जागतिक वारसास्थळ आहे, आणि ११४६ च्या ईस्टरला संत बर्नार यांनी दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रूसेडची) हाक याच टेकडीवर दिली होती. त्यामुळे दिवसभर चढणीच्या एकुलत्या मुख्य रस्त्यावर प्रवाशांची रीघ असते. संध्याकाळी बस परत गेल्या की रस्ता मोकळा होतो, आणि सकाळी लवकर बॅसिलिकेत गेले तर ओसरीतल्या महाद्वाराच्या कमानीवरचे शिल्प शांतपणे वाचता येते. ख्रिस्त आपल्या शिष्यांना जगभर पाठवतो आहे असा त्याचा विषय आहे आणि कडेच्या पट्टीत जगाच्या टोकाला राहणारे कल्पित लोक कोरले आहेत : कुत्र्याच्या तोंडाचे, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके, आणि अंग झाकले जाईल इतक्या मोठ्या कानांचे. श्वानमुखी माणसे भारतात राहतात असे प्राचीन ग्रीक लेखक क्टेसियस याने लिहून ठेवले होते, आणि मोठ्या कानांच्या लोकांचा उल्लेख महाभारतातही सहदेवाच्या दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ म्हणून येतो. आपल्या महाकाव्यातले लोक बाराव्या शतकातल्या बुरगुंडीच्या दगडात दिसावेत, ही गोष्ट घाईच्या पहिल्या भेटीत नजरेतून निसटते. रोमां रोलां यांचे अखेरची वर्षे वास्तव्य असलेले घरही याच रस्त्यावर आहे. महात्मा गांधी आणि रामकृष्ण परमहंस यांची चरित्रे लिहिणाऱ्या या लेखकाचे ३० डिसेंबर १९४४ रोजी येथेच निधन झाले. आता त्या घरात झेर्व्हो संग्रहालय आहे आणि ते हिवाळ्यात बंद असल्यामुळे वसंतातली भेट त्या दृष्टीनेही सोयीची पडते.

पुन्हा पाहायच्या गावांची संख्या तीन-चारांवर जाऊ देऊ नये. त्यांना जोडून तितकीच नवी पण शेजारची गावे घ्यावीत. व्हेझलेला आव्हालाँ आणि नुआये जोडता येतात. सेम्युरला फ्लाव्हिन्यी, मोंबार व फाँतनेचा मठ जोडता येतो. बोनला ओतँ जोडावे. बोनमधले रंगीत कौलांचे धर्मार्थ रुग्णालय ज्याने १४४३ मध्ये स्थापन केले तो निकोला रोलँ हा ओतँचाच होता, त्यामुळे एका गावात पाहिलेल्या गोष्टीचे धागे दुसऱ्या गावात सापडतात. ओतँच्या कॅथेड्रलच्या दारावरचे अंतिम न्यायाचे शिल्प १७६६ मध्ये तेथील धर्मगुरूंनी गावंढळ ठरवून चुन्याने लिंपून टाकले होते, आणि १८३७ मध्ये तो गिलावा काढल्यावर ते जवळपास जसेच्या तसे बाहेर आले. बोनच्या रुग्णालयात रोगीर व्हान डेर व्हेडन याने रंगवलेला अंतिम न्याय पाहून दुसऱ्या दिवशी ओतँचा हा दगडी न्याय पाहावा. दोन्ही एकमेकांचे भाष्य वाटतात.

तारखा ठरवताना

मार्चमध्ये अनेक छोटी संग्रहालये, वाडे व खानावळी अजून उघडलेल्या नसतात, आणि जूनपासून गर्दी वाढू लागते. एप्रिलचा दुसरा आठवडा ते मेअखेर हा काळ सर्वांत चांगला. मात्र फ्रान्समध्ये मे महिना सुट्ट्यांनी भरलेला असतो : १ मे हा कामगार दिन, ८ मे हा दुसऱ्या महायुद्धातील विजयाचा दिवस, ईस्टरनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी येणारा स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पन्नासाव्या दिवशी येणारा पेन्टेकोस्टचा सोमवार. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारची रजा टाकून चार दिवस बाहेर पडण्याची तेथे सर्रास पद्धत आहे. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे स्वर्गारोहणाचा गुरुवार ६ मे रोजी आणि त्याला लागूनच शनिवारी ८ मे. अशा चार दिवसांत खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात, म्हणून तेवढे दिवस टाळावेत किंवा त्या दिवसांचा मुक्काम सर्वांत आधी पक्का करावा.

शाळांच्या वसंत सुट्टीकडे तर दुहेरी लक्ष द्यावे लागते. देश अ, ब आणि क अशा तीन विभागांत वाटलेला आहे आणि प्रत्येक विभागाला एप्रिल ते मेच्या सुरुवातीच्या काळात दोन आठवड्यांची सुट्टी वेगवेगळ्या वेळी मिळते. पॅरिस क विभागात येते, त्यामुळे त्या विभागाला सुट्टी असताना पॅरिसकर मंडळी या गावांत उतरतात. दिजाँचा शैक्षणिक प्रांत अ विभागात येतो, आणि त्या दोन आठवड्यांत गावोगावच्या बस कमी होतात, कारण ग्रामीण फ्रान्समधील बहुतेक बस मुळात विद्यार्थ्यांसाठी धावतात. गाडी न चालवणाऱ्या प्रवाशाने अ विभागाच्या सुट्टीबाहेरचे दिवस निवडणे हे हॉटेलच्या दरांपेक्षाही महत्त्वाचे आहे. तिन्ही विभागांच्या तारखा फ्रेंच शिक्षण मंत्रालय बरेच आधी जाहीर करते.

१ मे रोजी जवळजवळ सगळे बंद असते. संग्रहालये, दुकाने आणि बऱ्याच ठिकाणी बससेवासुद्धा. आदल्या दिवशी खाण्याचे सामान आणून ठेवावे आणि तो दिवस पायी भटकण्यासाठी राखून ठेवावा. रस्त्याच्या कडेला मुले आणि मोठी माणसे म्युगे नावाच्या पांढऱ्या घंटाफुलांच्या जुड्या विकत असतात. आपल्या घरमालकिणीला एक जुडी नेऊन दिली तर त्याचे तिला मनापासून अप्रूप वाटते. ८ मे रोजी सकाळी प्रत्येक गावाच्या युद्धस्मारकापाशी छोटा समारंभ होतो. तिरंगी पट्टा घातलेले महापौर, ध्वज धरलेले वृद्ध सैनिक, पुष्पचक्र आणि हुतात्म्यांच्या नावांचे वाचन असे त्याचे स्वरूप असते. पाहुण्याने कडेला उभे राहावे, टोपी काढावी आणि त्या वेळी छायाचित्रे घेऊ नयेत. मेच्या मध्याला एका शनिवारी रात्री संग्रहालयांची युरोपीय रात्र साजरी होते व त्या दिवशी अनेक छोटी संग्रहालयेही विनामूल्य उघडी राहतात. सेम्युरमध्ये ३१ मे रोजी घोड्यांची ‘बाग’, म्हणजे अंगठीची, शर्यत होते. ती १६३९ पासूनची परंपरा आहे, आणि त्या दिवशी गावात राहायचे असल्यास आरक्षण फार आधी करावे लागते.

व्हिसा आणि सीमा

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. वसंतासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज देणे शहाणपणाचे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक आहे. पुन्हा जाणाऱ्यांनी एक सवलत लक्षात ठेवावी : एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी जे नियम केले त्यांनुसार मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नियमानुसार वापरलेल्या व्यक्तीला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा. अर्जासोबत जुन्या व्हिसांच्या व शिक्क्यांच्या प्रती स्वतंत्रपणे जोडाव्यात. तसा व्हिसा मिळाला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा कायम राहते.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर पासपोर्टवरील शिक्क्यांच्या जागी चेहरा व बोटांचे ठसे नोंदवणारी संगणकीय व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली आहे. मागची सहल त्याआधीची असेल तर या वेळी पहिली नोंदणी होणार असल्यामुळे विमानतळावर वेळ लागू शकतो, म्हणून उतरल्यानंतरची रेल्वे त्याच दिवशी घ्यायची असल्यास चार-पाच तासांचे अंतर ठेवावे. माझ्या मते पहिली रात्र पॅरिसमध्येच, बेर्सी स्थानकाच्या जवळपास काढणे अधिक चांगले, कारण बुरगुंडीकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या तेथून सुटतात.

आठवडा कसा बांधावा

छोट्या गावाचा आठवडा बाजाराभोवती फिरतो. बोन, क्ल्युनी आणि तुर्न्यू येथे शनिवारी सकाळी, शाब्ली येथे रविवारी सकाळी, आणि लुआँ येथे सोमवारी बाजार भरतो. बाजार साधारण आठ-साडेआठला रंगात येतो व साडेबाराला आवरतो, म्हणून आदल्या रात्रीच त्या गावात किंवा अगदी जवळ असावे. दुपारी दुकाने बारा-साडेबारापासून दोन-अडीचपर्यंत बंद असतात. रविवारी दुपारनंतर ते मंगळवार सकाळपर्यंतचा काळ सर्वांत अवघड, कारण रविवारी रात्री बहुतेक खानावळी बंद असतात आणि सोमवारी दुकानेही. संग्रहालयांचा साप्ताहिक बंद दिवस बहुधा सोमवार किंवा मंगळवार असतो. त्यामुळे रविवारच्या रात्रीसाठी सकाळच्या बाजारातून ब्रेड, चीज, फळे व सॅलड घेऊन ठेवावे, आणि सोमवार गाव बदलण्यासाठी, मोकळ्या रानासाठी किंवा रोज उघड्या असणाऱ्या स्थळासाठी ठेवावा. फाँतनेचा मठ हंगामात रोज उघडा असतो. १११८ मध्ये संत बर्नार यांनी स्थापन केलेला हा सिस्टर्शियन पंथाचा मठ फ्रेंच क्रांतीनंतर कागदाचा कारखाना झाला होता आणि १९०६ मध्ये नव्या मालकाने ती यंत्रे व इमारती काढून मूळ वास्तू मोकळी केली. त्याची भव्यता अलंकाराच्या पूर्ण अभावात आहे, आणि एप्रिलच्या सकाळी कोवळी पाने फुटलेल्या रानाच्या मधोमध ते रिकामे, फिकट दगडाचे चर्च पाहणे हा या प्रदेशातला मला सर्वाधिक प्रिय अनुभव आहे.

बारा दिवसांचा आराखडा असा करता येईल. बुधवारी पॅरिसला उतरावे. गुरुवारी सकाळी निघून व्हेझले किंवा आव्हालाँ येथे सोमवारपर्यंत चार रात्री राहावे. त्यातला शुक्रवार व शनिवार बॅसिलिका, आव्हालाँचा तट आणि खालच्या कुजँ नदीच्या दरीसाठी, तर रविवार शाब्लीच्या बाजारासाठी व परतीच्या वाटेवरील नुआयेसाठी. सोमवारी फाँतनेमार्गे सेम्युरला जावे आणि शुक्रवारपर्यंत तेथे राहावे. गुलाबी ग्रॅनाइटच्या कड्यावर, आर्मांसाँ नदीच्या वळणात वसलेल्या या गावाचे चार जाडजूड बुरूज एका नजरेत पाहण्यासाठी खालच्या पुलावर जावे लागते, आणि एका बुरुजाला वरपासून खालपर्यंत गेलेली मोठी भेग तेथून स्पष्ट दिसते. फ्लाव्हिन्यी, आलेझियाचे रणक्षेत्र आणि बुरगुंडी कालव्याचा काठ ही प्रत्येकी अर्ध्या दिवसाची कामे सेम्युरहून होतात. इ. स. पू. ५२ मध्ये सीझरने गॉल टोळ्यांचा नेता व्हेर्सिंजेटोरिक्स याला ज्या टेकडीवर वेढा घातला ती आलेझियाची टेकडी म्हणजे आजचे आलीझ-सँत-रेन हे गाव. शुक्रवारी बोन, शनिवारी तेथील बाजार व रुग्णालय, आणि रविवारी परत. ओतँ घ्यायचे असल्यास बोनमध्ये एक रात्र वाढवावी. त्यासाठी सेम्युरची एक रात्र कमी करू नये.

रेल्वे, बस की मोटार

पॅरिस-दिजाँ या जुन्या लोहमार्गावर टोनेर, मोंबार व ले लोम-आलेझिया ही स्थानके आहेत आणि आव्हालाँच्या शाखेवर व्हेझलेपासून सुमारे दहा किलोमीटरवर सेर्मिझेल हे छोटे स्थानक आहे. मोंबारला काही वेगवान गाड्याही थांबतात आणि पॅरिसपासून साधारण तासाभरात पोहोचवतात. वेगवान गाडीचे तिकीट जितके उशिरा काढावे तितके महाग होत जाते, तर स्थानिक प्रादेशिक गाडीत आसन राखण्याची गरज बहुधा पडत नाही.  संप जाहीर झाला असेल तर दुसऱ्या दिवशी कोणत्या गाड्या धावणार हे रेल्वे आदल्या संध्याकाळी सांगते, म्हणून संपाच्या काळात संध्याकाळी ॲप पाहिल्याशिवाय झोपू नये. अशा छोट्या स्थानकांवर सामान ठेवण्याची सोय मिळेल असे गृहीत धरू नये. एका पिशवीत मावेल तेवढेच सामान न्यावे.

बसचे वेळापत्रक वाचताना शाळेच्या दिवसांचे व सुट्टीचे रकाने वेगळे असतात हे पाहावे. काही मार्गांवर आदल्या दिवशी दूरध्वनी करून जागा सांगितली तरच गाडी येते. हे फ्रेंचमध्ये सांगणे जमत नसेल तर गावच्या पर्यटन कार्यालयाला विनंती करावी, ते आनंदाने करून देतात. टॅक्सीसुद्धा आदल्या दिवशीच ठरवावी. ग्रामीण टॅक्सींचा मोठा व्यवसाय रुग्णांना इस्पितळात नेण्या-आणण्याचा असतो, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी ऐनवेळी टॅक्सी मिळणे कठीण.

दोन किंवा अधिक माणसे असतील तर वरच्या आराखड्यातील रविवार-सोमवारपुरती तरी मोटार घ्यावी असे मी सुचवीन. मूळ वाहनपरवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. मधे दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर जुलै २०१८ पासून मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली आहे. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी ओलांडली की, वेगळी सूचना नसेल तर, ती ५० होते. चौकात कोणतीही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते, आणि हा नियम गावातल्या अरुंद बोळांनाही लागू होतो. निळ्या रेषांच्या जागेत मोटार उभी करताना काचेमागे वेळदर्शक चकती ठेवावी लागते. बाजाराच्या आदल्या रात्री चौकात मोटार ठेवू नये, हे विशेष लक्षात ठेवावे : पहाटे विक्रेते येतात त्याआधी चौक रिकामा केला जातो, सूचना एका लहानशा फलकावर असते आणि उचलून नेलेली मोटार परत मिळवण्यात अख्खा दिवस जातो.

मुक्काम आणि ओळखी

मागच्या वेळी जेथे राहिलो तेथेच पुन्हा राहणे शक्य असेल तर ते करावे. कुटुंबाने चालवलेल्या ‘शांब्र दोत’ पद्धतीच्या घरात कायद्याने जास्तीत जास्त पाच खोल्या व पंधरा पाहुणे असतात आणि न्याहारी भाड्यातच असते. यजमान स्वतः हजर असल्यामुळे जुनी ओळख तेथे खरोखर उपयोगी पडते. मध्यस्थ संकेतस्थळावरून आरक्षण न करता थेट ईमेल लिहावा, तोही चार साध्या फ्रेंच वाक्यांत : आपण कोणत्या साली व महिन्यात आलो होतो, कोणत्या खोलीत राहिलो होतो, या वेळी कोणत्या तारखा हव्या आहेत आणि काय खात नाही. मागच्या वेळी त्यांच्या घराचे किंवा बागेचे चांगले छायाचित्र काढले असेल तर त्याची कागदी प्रत न्यावी. आठवडाभर राहायचे असेल तर स्वयंपाकघर असलेले ‘जीत’ प्रकारचे घर भाड्याने घ्यावे. उन्हाळ्यात ते शनिवार ते शनिवारच मिळते, मात्र शाळांच्या सुट्टीबाहेरच्या वसंतात मधल्या दिवसांपासूनही मिळू शकते. स्थानिक पर्यटन कर वेगळा आकारला जातो.

दुकानात, बसमध्ये, खानावळीत किंवा पर्यटन कार्यालयात पाऊल ठेवताच ‘बाँजूर’ म्हणावे आणि मगच पुढचे बोलावे. सरळ प्रश्नाने सुरुवात करणे तेथे उद्धटपणाचे समजले जाते, आणि पहिल्या भेटीत फ्रेंच माणसे तुटक वाटली असतील तर त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. निघताना निरोपाचा शब्दही तितकाच आवश्यक आहे.

वसंतात काय पाहावे

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत मोहरीच्या कुळातले रेपसीड फुललेले असते आणि सेम्युरभोवतालच्या ओक्स्वा भागातल्या टेकड्या पिवळ्या होतात. याच सुमारास पांढरी शारोले गुरे गोठ्यातून कुरणात येतात. एप्रिलअखेरीस दगडी भिंतींवर विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबतात व मेमध्ये तटांच्या माथ्यावर आयरिस फुलते. सूर्यास्त एप्रिलअखेरीस पावणेनऊ ते नऊच्या दरम्यान होतो, त्यामुळे जेवणाआधीचे दोन तास चालण्यासाठी मिळतात. टोनेरमधला फोस दियॉन हा झरा पाहायलाही हाच काळ योग्य. खडकाखालून उसळणाऱ्या निळ्या-हिरव्या पाण्याभोवती अठराव्या शतकात धुणे धुण्याचा गोलाकार घाट बांधलेला आहे, आणि जोराच्या पावसानंतर पाणी वाढते पण गढूळ होते. बुरगुंडी कालव्याचा काठ सपाट असल्यामुळे सायकलसाठी उत्तम आहे. योन आणि सोन या नद्यांना जोडणाऱ्या २४२ किलोमीटरच्या या कालव्यावर १८९ जलद्वारे आहेत, आणि वसंतात नौकांचा हंगाम सुरू झाला की प्रत्येक द्वारापाशी थांबून पाहण्यासारखे काही तरी चाललेले असते.

या ऋतूतले सर्वांत विलक्षण दृश्य मात्र शाब्लीच्या द्राक्षबागांत पहाटे दिसते आणि त्याची तारीख कोणीच आधी सांगू शकत नाही. एप्रिलमध्ये वेलींना डोळे फुटतात. त्यानंतर एखाद्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री तापमान शून्याखाली गेले तर कोवळे कोंब जळतात आणि वर्षाचे पीक हातचे जाते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षप्रदेशांवर असा आघात झाला होता. त्यापासून बचाव करण्यासाठी शेतकरी ओळींमध्ये मेणाच्या मोठ्या डब्यांच्या शेकडो वाती पेटवतात, आणि काही बागांत रात्रभर वेलींवर पाण्याचे तुषार सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि कोंबाभोवती बर्फाचे कवच तयार होत असताना आतले तापमान शून्याच्या आसपास टिकून राहते. तुषार मधेच थांबले तर मात्र नुकसान अधिक होते. त्या भागात मुक्काम असताना रात्रीचा अंदाज निरभ्र व शून्याखालचा असेल तर पहाटे पाचला उठून सेरँ नदीच्या उजव्या तीरावरील ‘ग्रां क्र्यू’, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, बागांच्या रस्त्यावर जावे. अंधारात लुकलुकणाऱ्या ज्योतींचे उतार आणि सूर्योदयाला बर्फात गोठलेले हिरवे कोंब हे दृश्य आयुष्यभर विसरता येत नाही. पण ती रात्र शेतकऱ्यासाठी संकटाची असते. बागेत शिरू नये, ट्रॅक्टरची वाट अडवू नये, दिवे व फ्लॅश लावू नयेत, आणि कोणी स्वतःहून बोलले तरच बोलावे. ११ ते १३ मे या तीन दिवसांच्या संतांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. ते दिवस सरेपर्यंत तेथील जुने माळी नाजूक रोपे उघड्यावर लावत नाहीत.

यावरून कपड्यांचाही अंदाज यावा. एप्रिलमध्ये दुपारी पंधरा-सोळा अंश आणि पहाटे पाच अंशांच्या आसपास तापमान असते, आणि दगडी चर्चच्या आत बाहेरच्यापेक्षा गार असते. एकावर एक चढवता येतील असे पातळ थर, पावसाचे जाकीट आणि पूर्ण बांधीचे बूट पुरेसे आहेत. गवतातून किंवा रानातून चालल्यावर पायांवर गोचीड नाही ना हे रोज रात्री तपासावे. ती आढळल्यास औषधांच्या दुकानात, म्हणजे हिरव्या क्रॉसच्या पाटीखाली, ती काढण्याचा छोटा चिमटा मिळतो.

जेवणखाण

दुपारचे जेवण बारा ते दीड या वेळेतच मागवावे. दोन वाजता स्वयंपाकघर बंद झालेले असते. रात्री सात-साडेसातपूर्वी बहुधा काही मिळत नाही. दिवसाचा ठरावीक बेत दुपारी सर्वांत स्वस्त पडतो, नळाच्या पाण्याचा जग विनामूल्य मिळतो आणि सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते. रविवार दुपारच्या जेवणासाठी जागा आधी राखावी, कारण त्या वेळी गावातली कुटुंबे तीन पिढ्यांसह जेवायला येतात.

शाकाहारी वाचकांसाठी वसंत हा सर्वांत सोयीचा ऋतू आहे. बाजारात पांढरे व हिरवे शतावरीचे कोंब, मुळे, ताजा वाटाणा आणि गारिगेत जातीच्या लांबट, सुवासिक स्ट्रॉबेऱ्या येतात, आणि शेळ्यांना पिल्ले झालेली असल्यामुळे ताजे शेळीचे चीज याच दिवसांत उत्तम असते. पारंपरिक चीजमध्ये मात्र बहुधा दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट असते, सेम्युरजवळच्या एपवासचे प्रसिद्ध चीजही त्याला अपवाद नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांनी वनस्पतिजन्य रेनेटची चौकशी विक्रेत्याकडे करावी. पातळ रश्श्यात व सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे लार्दाँ, न सांगता घातलेले असतात, म्हणून ‘सां व्हियांद, सां लार्दाँ, सां प्वासाँ’, म्हणजे मांस, लार्दाँ व मासे नकोत, असे तिन्ही स्पष्ट सांगावे. फ्लाव्हिन्यीच्या जुन्या मठात बडीशेपेसारख्या ॲनिसच्या एकेका दाण्यावर साखरेच्या पाकाचे थर चढवून केलेल्या गोळ्या मिळतात आणि त्या घरी नेण्यासाठी टिकतातही उत्तम.

परतीच्या दिवशी बोनहून निघून त्याच संध्याकाळचे विमान धरण्याचा बेत करू नये. रविवारी गाड्या कमी असतात आणि सुट्टीच्या शेवटी त्या भरलेल्याही असतात. रविवारी दुपारपर्यंत पॅरिस गाठून सोमवारचे विमान घ्यावे. गाडी बेर्सीला पोहोचली तर गार द लियाँ हे मोठे स्थानक तेथून पायी साधारण पंधरा मिनिटांवर आहे, आणि विमानतळाकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीची जोडगाडी तेथे मिळते.